हिमनदीवर एकदा जाऊन भागत नाही

उत्तरेकडच्या बर्फात गेलेल्या मोहिमांच्या गोष्टी कुणाला आवडत नाहीत, कुत्र्यांच्या स्लेज, उणे पन्नास तापमान, संपत आलेलं अन्न, परत न आलेली माणसं. मलाही आवडतात आणि मी त्या हौसेनं वाचत आलोय. पण जसजसं वाचत गेलो तसं एक मत पक्कं होत गेलं आणि ते आज मांडायचंय, की हिमनद्यांबद्दल आज आपल्याला जे काही खात्रीनं माहितीये त्यातलं बहुतेक सगळं परत परत तिथेच गेलेल्या माणसांमुळे माहितीये. पहिल्यांदा पोचणाऱ्याचं नाव होतं, पण ज्ञान तयार होतं ते दुसऱ्या, दहाव्या, पन्नासाव्या खेपेला. आणि आपल्या देशात हिमालयातल्या हिमनद्यांसाठी पैसा द्यायचा कसा, हा प्रश्न ठरवताना हा इतिहास समोर ठेवायलाच हवा, कारण आपल्याकडे संशोधनाचा पैसा बहुतेक वेळा तीन ते पाच वर्षांच्या प्रोजेक्टच्या हिशोबानं मिळतो आणि हिमनदीला तीन वर्षं म्हणजे काहीच नाही.

अलास्कातल्या ग्लेशियर बे पासून सुरू करतो. १७९४ साली ब्रिटिश दर्यावर्दी जॉर्ज व्हँकुव्हरच्या मोहिमेतले लोक त्या किनाऱ्यावर पोचले तेव्हा तिथे आजच्यासारखी खाडी नव्हतीच, जवळजवळ तोंडापर्यंत बर्फाची भिंत होती. १८७९ मधे जॉन म्यूर हा निसर्गलेखक कनूमधून तिथे गेला तोपर्यंत ती भिंत ४८ किलोमीटरहून जास्त मागे सरकली होती, आणि १९१६ च्या सुमाराला मुख्य हिमनदीचं मुख, म्हणजे तिचं खालचं टोक, जवळपास ९६ किलोमीटर आत गेलं होतं. म्हणजे सव्वाशे वर्षांत एक अख्खी खाडी उघडी पडली, आणि हे आपल्याला कळलं कशामुळे, तर व्हँकुव्हरच्या लोकांनी काय दिसलं ते लिहून ठेवलं होतं आणि नंतर येणाऱ्यांनी त्याच्याशी ताडून बघितलं म्हणून.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी जी बऱ्याच पुस्तकांत दोन ओळींत उरकलेली असते. म्यूर एकटा गेला नव्हता, टोयाटे नावाचा ट्लिंगिट जमातीचा जाणता नावाडी आणि त्याचे सोबती त्याला घेऊन गेले, आणि वाटेत भेटलेल्या सील मारणाऱ्या शिकाऱ्यांपैकी एकजण पुढची वाट दाखवायला बरोबर आला. हे शिकारी हुना ट्लिंगिट, आणि त्यांच्या लोकांच्या तोंडी परंपरेत आधीपासून सांगितलं जायचं की आपली गावं त्या जागी होती आणि कुत्रं धावतं तशा वेगानं हिमनदी चालून आली आणि आपल्याला तिथून निघावं लागलं. भूशास्त्रानं नंतर दाखवलं की अठराव्या शतकात तिथे बर्फ खरोखरच झपाट्यानं पुढे आला होता. नोंद म्हणजे फक्त वहीतली नोंद नसते, पिढ्यानपिढ्या एकाच जागेवर राहणारी माणसं ही पण नोंदच असते, आणि माझ्या मते या विषयाच्या इतिहासात त्यांना वाटाड्या म्हणून नाही तर साक्षीदार म्हणून जागा मिळायला हवी.

मग १८९९ ची हॅरिमन मोहीम. रेल्वेचा बडा मालक एडवर्ड हॅरिमन, त्यानं आख्खं जहाज घेतलं, देशातले नावाजलेले शास्त्रज्ञ, चित्रकार, फोटोग्राफर बरोबर घेतले आणि दोन महिने अलास्काच्या किनाऱ्यावर फिरवलं. त्यात ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट होता, त्यानं हिमनद्यांचं काम मनापासून केलं आणि त्यावरचा त्याचा ग्रंथ १९०४ मधे आला, आजही त्याचा उल्लेख होतो. म्हणजे मी या मोहिमेला वाईट म्हणत नाहीये. पण तिच्या फोटोंची किंमत वाढली ती नंतर त्याच जागी कॅमेरा घेऊन उभं राहणारे लोक आले तेव्हा.

असं उभं राहणाऱ्यांत विल्यम फील्ड हा माणूस मला सगळ्यात मोठा वाटतो. १९२६ मधे तो पहिल्यांदा ग्लेशियर बेला गेला आणि मग आयुष्यभर जात राहिला, फोटो कुठून काढला ती जागा नीट नोंदवायची म्हणजे पुढच्याला नेमकं तिथेच उभं राहता येईल, ही शिस्त त्यानं सोडली नाही. १३ ऑगस्ट १९४१ ला त्यानं म्यूर हिमनदीचा एक फोटो काढला, समोर सगळा बर्फच बर्फ. ब्रूस मोल्निया नावाच्या भूशास्त्रज्ञानं ३१ ऑगस्ट २००४ ला त्याच जागेवरून फोटो काढला, तर समोर पाणी आणि डोंगरांवर हिरवळ. ६३ वर्षांत मुख सुमारे १२ किलोमीटर मागे गेलं होतं आणि जाडी ८०० मीटरनं घटली होती. आज जगभर हवामानबदलाच्या प्रत्येक भाषणात हे दोन फोटो दाखवतात. त्यातला एकच असता तर तो सुंदर निसर्गचित्र म्हणून कॅलेंडरवर छापला गेला असता.

त्याच भागात विल्यम कूपर नावाच्या वनस्पतीशास्त्रज्ञानं १९१६ मधे बर्फ नुकताच सरकलेल्या उघड्या जमिनीवर एक-एक चौरस मीटरचे चौकोन आखले आणि त्यात काय उगवतं ते नोंदवायला सुरुवात केली, शेवाळ, गवत, छोटी झुडपं, प्रत्येकाची जागा नकाशावर. त्याच्यानंतर दुसऱ्यांनी ते पुढे चालवलं, मग मधे खंड पडला, चौकोन कुठे आहेत तेच कुणाला माहीत नाही अशी वेळ आली, आणि शंभर वर्षांनी २०१६ मधे ब्रायन बुमा आणि त्याच्या टीमनं कूपरच्या जुन्या टिपणं-नकाशांवरून, होकायंत्र लावून, झुडपांत घुसून बहुतेक चौकोन परत शोधून काढले. टिपणं नसती तर शंभर वर्षांचं काम जंगलात गडप झालं असतं. या माणसानं एवढं मोजलं म्हणून, आणि त्याच्या खटपटीमुळेच, १९२५ मधे ती जागा संरक्षित झाली हेही लक्षात ठेवायला हवं.

आता ग्रीनलँड. आल्फ्रेड वेगेनर, ज्यानं खंड सरकतात असं मांडलं आणि हयातीत ज्याचं फारसं कुणी ऐकलं नाही, तो १९३० मधे जर्मन मोहीम घेऊन तिथे गेला. किनाऱ्यापासून ४०० किलोमीटर आत, सुमारे ३००० मीटर उंचीवर, आइसमिट्टे नावाचं ठाणं करायचं आणि तिथे अख्खं वर्ष राहून मोजायचं असा बेत होता. सामान वेळेत पोचलं नाही, राहायची झोपडी पोचलीच नाही, तेव्हा तिथे असलेल्या योहानेस गेओर्गी आणि एर्न्स्ट झोर्गे यांनी बर्फातच गुहा खणली आणि तिच्यात राहिले. वेगेनर स्वतः मदत घेऊन निघाला, बरोबरचे बहुतेक ग्रीनलँडर वाटेतून परतले, ३० ऑक्टोबरला तो, फ्रिट्झ लोवे आणि रास्मुस विलुमसेन असे तिघं पोचले. लोवेच्या पायाची बोटं हिमदंशानं गेली होती, ती तिथे खिशातल्या चाकूनं कापावी लागली. १ नोव्हेंबरला वेगेनरचा पन्नासावा वाढदिवस होता, त्याच दिवशी तो आणि विलुमसेन परत निघाले, कारण पाच माणसांना पुरेल एवढं अन्न नव्हतं. दोघंही किनाऱ्याला पोचले नाहीत. मे १९३१ मधे वेगेनरचा देह सापडला, नीट पुरलेला, वर त्याच्या स्की रोवून खूण केलेली. ते विलुमसेननं केलं होतं, विशीतल्या त्या मुलानं, आणि तो वेगेनरची डायरी घेऊन पुढे निघाला तो आजपर्यंत सापडलेला नाही.

ही गोष्ट जगाला माहितीये ती वेगेनरच्या मृत्यूमुळे. मला मात्र तिच्यातला झोर्गेचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. तो त्या हिवाळ्यात, बाहेर उणे साठच्या खाली तापमान जात असताना, गुहेतून खाली खणत गेला, साधारण १५ मीटर, पायऱ्या करत. प्रत्येक थराचा तुकडा कापायचा, मापायचा, वजन करायचं, घनता काढायची, लिहायचं आणि पुढचा थर. उन्हाळ्याचा थर वेगळा, हिवाळ्याचा वेगळा, असं करत तो खाली खाली मागच्या वर्षांमधे उतरत गेला आणि कुठल्या वर्षी किती बर्फ पडला ते वाचता येतं हे त्यानं दाखवून दिलं. आज ज्याला आइस कोअरचं शास्त्र म्हणतात, किलोमीटरच्या किलोमीटर भोकं पाडून हजारो वर्षांचं हवामान वाचतात, त्याच्या मुळाशी त्या खड्ड्यातलं वजन-मापाचं कंटाळवाणं काम आहे. आणि गेओर्गी वर बसून हवामानाच्या रोजच्या नोंदी घेत होता. ते दोघं अख्खा हिवाळा तिथे थांबले म्हणून हे हाती लागलं.

मोजायची पद्धत काय असते हेही थोडं सांगतो, कारण त्याशिवाय माझा मुद्दा नीट पोचणार नाही. हिमनदी म्हणजे एक खातं समजा, हिवाळ्यात बर्फ जमा होतो, उन्हाळ्यात खर्च होतो, वर्षाअखेरीला शिल्लक किती ते बघायचं, याला मास बॅलन्स म्हणतात. वरच्या भागात खड्डे खणून किती जमा झालं आणि त्याची घनता किती ते मोजायचं, खालच्या भागात बर्फात भोक पाडून खांब रोवायचे आणि उन्हाळा संपताना खांब किती उघडा पडला ते मोजायचं. स्वीडनच्या उत्तरेला केबनेकाइसे डोंगरात स्टोरग्लासियारेन नावाची छोटी हिमनदी आहे, तिथे वाल्टर शुट यांनी १९४६ मधे, महायुद्ध नुकतंच संपलेलं असताना, ही मोजणी सुरू केली आणि ती आजपर्यंत चालू आहे, या प्रकारची जगातली सगळ्यात लांब सलग नोंद. लांब सळई खुपसत खुपसत अख्ख्या हिमनदीवर चालायचं, दर वर्षी, त्याच जागा. तिथे काम करणारी माणसं बदलली, निवृत्त झाली, वारली, खांब मात्र दर वर्षी रोवले गेले. यात सिनेमा काढावा असं काहीही नाही आणि म्हणूनच मला ते थोर वाटतं.

उलट बाजूही बघा. कॅनडाच्या अगदी उत्तरेला आक्सेल हायबर्ग बेटावर व्हाइट ग्लेशियर आहे, तिथे फ्रिट्झ म्युलर या स्विस शास्त्रज्ञानं १९५९-६० पासून मोजणी उभी केली. १९८० मधे म्युलर अचानक गेले आणि नोंदीत काही वर्षांची फट पडली. अलास्काच्या उत्तरेला मॅकॉल हिमनदीवर १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात जोरात काम झालं, मग वर्ष संपलं, पैसा संपला, आणि मधे बरीच वर्षं तिथे सलग कुणी नव्हतं. अशी फट नंतर भरून काढता येत नाही, गेलेल्या उन्हाळ्यात किती वितळलं ते मोजायला परत त्या उन्हाळ्यात जाता येत नाही, अंदाज बांधावे लागतात.

आणि थोडकंच मोजलं तर चुकीचं कळतं, हे त्याहून वाईट. अलास्कातलीच टाकू हिमनदी घ्या. जुनो बर्फप्रदेशावर मेनार्ड मिलर यांनी चाळीसच्या दशकाच्या शेवटी कायमचा कार्यक्रम सुरू केला, विद्यार्थी दर उन्हाळ्यात स्की लावून तो बर्फप्रदेश ओलांडतात आणि मोजतात, टाकूची नोंद १९४६ पासूनची आहे. शेजारच्या हिमनद्या मागे हटत असताना टाकू दशकानुदशकं पुढे येत होती. पाच वर्षांचा प्रोजेक्ट घेऊन साठ-सत्तरच्या दशकात कुणी गेलं असतं तर काय निष्कर्ष काढला असता, की इथे सगळं झकास चाललंय. पण मोजणारे तिथेच राहिले, तेव्हा त्यांना दिसलं की १९८९ पासून शिल्लक उणे व्हायला लागली, मुख अजून पुढेच होतं तरी, आणि २०१८ पर्यंत मुखही मागे जाताना दिसायला लागलं. खात्यातली घट कडेला दिसायला तीसेक वर्षं लागली. ज्यांच्याकडे तीस वर्षं नव्हती त्यांना हे कळलंच नसतं.

नुसतं मोजूनही भागत नाही, सांभाळावं पण लागतं. अमेरिकन लष्करानं ग्रीनलँडच्या बर्फाखाली कँप सेंच्युरी बांधला होता, शास्त्राच्या आडून क्षेपणास्त्रं लपवायचा विचार होता, तो फसला. पण तिथल्या शास्त्रज्ञांनी १९६६ मधे बर्फात तळापर्यंत १३८७ मीटर भोक पाडलं आणि डेन्मार्कच्या विली डान्सगार्ड यांनी त्या बर्फातून जुन्या हवामानाची लांबलचक नोंद वाचून काढली. त्याच भोकाच्या तळाची माती मात्र विसरली गेली, इकडून तिकडे हलत हलत कोपनहेगनच्या फ्रीजरमधे पडून राहिली, २०१७ मधे परत सापडली आणि तपासली तर तिच्यात झाडापाल्याचे अवशेष निघाले, म्हणजे आज जिथे किलोमीटरभर जाडीचा बर्फ आहे तिथे एकेकाळी बर्फ नव्हता. निव्वळ कुणी फेकून दिली नाही म्हणून हे कळलं. एवढ्या मोठ्या गोष्टी नशिबावर सोडायच्या नसतात.

आता आपल्याकडे. हिमालयाच्या भारतातल्या भागात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या यादीत ९५७५ हिमनद्या आहेत. त्यातल्या दहा वर्षांहून जास्त काळ सलग खांब रोवून मोजलेल्या बोटांवर मोजता येतील. याचा परिणाम काय होतो तो आपण बघितलाय. आयपीसीसी म्हणजे संयुक्त राष्ट्रांची हवामानबदलावरची शास्त्रज्ञांची समिती, तिच्या २००७ च्या अहवालात छापून आलं की हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होऊ शकतील, २००९ मधे आपल्या पर्यावरण मंत्रालयानं भूशास्त्रज्ञ व्ही. के. रैना यांचा पेपर काढला ज्यात हवामानबदलाशी संबंध जोडायला पुरेसा पुरावा नाही असा सूर होता, टीव्हीवर महिनोन्‌महिने भांडणं झाली, आणि जानेवारी २०१० मधे आयपीसीसीनं ते २०३५ चं विधान मागे घेतलं. विधान चूकच होतं, ते मागे घेतलं हे योग्यच. पण मला त्या सगळ्या भांडणात एकच दिसत होतं की दोन्ही बाजूंकडे पुरेशी मोजणी नव्हती. स्टोरग्लासियारेनबद्दल असं भांडण होऊ शकत नाही, तिथे वह्या उघडून दाखवता येतात.

सुरुवात आपल्याकडेही चांगली झाली होती. १९०६ च्या सुमाराला भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं हिमालयातल्या काही हिमनद्यांच्या मुखांच्या खुणा नोंदवल्या, १९३५ मधे जे. बी. ऑडेन यांनी गंगोत्रीच्या मुखाचा नकाशा केला, आणि आज गोमुख किती मागे गेलं ते सांगताना त्याच नकाशाचा आधार घेतात. गोमुखाला जाणाऱ्या मराठी ट्रेकर मंडळींना वाटेत जुन्या मुखाच्या जागा दाखवल्या जातात त्यामागे ही सगळी खटपट आहे. अलीकडचं बघायचं तर लाहौल-स्पितीत छोटा शिग्री हिमनदीवर २००२ पासून दर वर्षी मोजणी होतेय, दोन-दोन मीटरचे बांबू तारेनं एकमेकांना जोडून वाफेच्या ड्रिलनं पाडलेल्या खोल भोकात सोडतात, बर्फ वितळत जातो तसे वरचे बांबू उघडे पडत जातात. आपली खरी संपत्ती ही आहे. गोव्यात वास्कोला असलेलं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र स्पितीत हिमांश हे ठाणं २०१६ पासून चालवतं, आणि तेच केंद्र आर्क्टिकमधे स्वालबार्डला २००८ पासून हिमाद्री चालवतं. हिमाद्रीच्या जवळच नॉर्वेचे लोक आउस्त्रे ब्रेगरब्रीन नावाच्या हिमनदीवर १९६७ पासून खांब मोजतायत. आपले शास्त्रज्ञ दर वर्षी तिथे शेजारी राहतात, सलग मोजणी कशी टिकवायची ते शिकायला याहून चांगली जागा कुठली.

यावर नेहमी विचारलं जातं की आता सॅटेलाइट आहेत मग माणसं कशाला पाठवायची. प्रश्न रास्त आहे, सॅटेलाइटनं क्रांती केलीये, ज्या हिमनद्यांवर कुणी पाय ठेवला नाही त्यांचीही उंची-क्षेत्रफळ कळतं. पण सॅटेलाइटला पृष्ठभाग किती खाली गेला ते दिसतं, त्यातलं पाणी किती ते काढायला घनता लागते, आणि ताज्या बर्फाचा घनमीटर शंभर किलोच्या आसपास तर हिमनदीच्या घट्ट बर्फाचा नऊशेच्या आसपास, मग खड्डा खणून वजन केल्याशिवाय आकडा कसा काढणार. बर्फाचं वस्तुमान थेट मोजणारे ग्रेस नावाचे सॅटेलाइट होते, ते २००२ ला गेले, २०१७ मधे बंद पडले आणि पुढची जोडी मे २०१८ ला गेली, म्हणजे आकाशातही फट पडतेच. आणि खाली राहणाऱ्या लोकांचा प्रश्न तर वेगळाच, ऑक्टोबर २०२३ मधे सिक्कीमचं साउथ ल्होनाक तलाव फुटलं, चुंगथांगचं धरण वाहून गेलं, माणसं गेली, त्या तलावाचा धोका आधीपासून लिहिला गेला होता. तिथे कायम माणूस आणि यंत्र असणं ही चैन नाही.

पैशाचा मुद्दा येतो, गरीब देशाला हे परवडतं का वगैरे. एक हिमनदी मोजायला जहाज लागत नाही, विमान लागत नाही. बांबू, ड्रिल, जीपीएस, वजनकाटा, तंबू, वर्षातून दोनदा जाणारी प्रशिक्षित माणसं आणि त्यांचा विमा. खर्च थोडा आहे पण तो तीस वर्षं न चुकता यायला हवा, आणि तेच आपल्याला जमत नाही. प्रोजेक्ट संपला की तरुण संशोधक दुसरीकडे नोकरी शोधतो, त्याला कोणता खांब कुठे, कोणता मागच्या वर्षी पडला, कुठल्या भेगेपाशी जपायचं हे सगळं माहीत असतं आणि ते त्याच्याबरोबर निघून जातं. दर वर्षी सामान वर नेणारे स्थानिक लोक, ज्यांना हिमनदीच्या खोड्या शास्त्रज्ञांपेक्षा जास्त माहिती असतात, ते तर रोजंदारीवर, पेपरमधे त्यांना आभाराच्या यादीत जागा मिळाली तरी नशीब.

त्यामुळे माझं म्हणणं असं की काश्मीर ते अरुणाचल प्रत्येक मोठ्या खोऱ्यातली निदान एकेक हिमनदी निवडा आणि तिची मोजणी हवामान खात्याच्या पर्जन्यमापकासारखी कायमस्वरूपी सरकारी जबाबदारी करा, प्रोजेक्टमधून बाहेर काढा. तिथे कायम पदं भरा, त्यातली काही पदं त्याच खोऱ्यातल्या लोकांसाठी ठेवा, पगारावर, रोजंदारीवर नाही. आकडे दर वर्षी सगळ्यांना खुले करा, झुरिकच्या जागतिक हिमनदी नोंद केंद्राकडे वेळेवर पाठवा, जुन्या वह्या-फोटो-नकाशे स्कॅन करून एका ठिकाणी आणा आणि गोळा केलेल्या बर्फाच्या नमुन्यांना वीज न जाणारा फ्रीजर द्या. संयुक्त राष्ट्रांनी २०२५ हे हिमनद्यांच्या जतनाचं वर्ष म्हणून जाहीर केलं, २१ मार्च हा हिमनदी दिवस ठरवला, भाषणं झाली, पोस्टर लागले. सिंधू, गंगा, ब्रह्मपुत्रेच्या पाण्यावर जगणाऱ्या कोट्यवधी लोकांच्या दृष्टीनं त्या वर्षाचा हिशोब एवढाच, की त्या वर्षी किती नव्या हिमनद्यांवर बांबू रोवले गेले आणि जे आधीपासून रोवलेत ते मोजायला पुढच्या ऑक्टोबरमधे कुणाला पाठवायचं त्याचा पैसा मंजूर झालाय का.